पुलाखालून जाणारे लखमाबाबा

पोशेऱ्याच्या नदीवर दगडी पूल झाला, तेव्हा तो पहिल्यांदा ओलांडायचा मान गावाने लखमाबाबांना दिला. गळ्यात झेंडूचा हार घातला, ताशा वाजू लागला, आणि बाबा मुकाट्याने काठ उतरून नदीत शिरले. वरून मिरवणूक आणि खालून कमरेएवढ्या पाण्यातून बाबा! हार भिजू नये म्हणून तो डोक्यावर घेतलेला.

मी तेव्हा जव्हार संस्थानात बांधकामावर कारकून होतो. पुलाच्या कामापायी मोखाड्याला मुक्काम होता.

पुलाआधी तिथे बाबांचा साकव असे. दिवाळी झाली की बांबू बांधून तो घालायचा आणि मृगाच्या आत सोडून बांबू घरी न्यायचे, नाहीतर पहिला पूर सगळंच घेऊन जायचा. जन्मभर त्यांनी हेच केलं. त्यामुळे मला वाटलं, साकवाचा मान गेला म्हणून म्हातारा रुसला.

"बाबा, पुलाला पाय लागला तर विटाळ होतो का?"

"पूल ब्येस हाय, दादा. तुमी जा ना वरनं."

पूर आला की बाबा समोर पूल असूनही चार-चार दिवस अलीकडेच बसून राहत. एरवी नदीवर फौजदारकी चाले. बैल धुणाऱ्यांना खालच्या अंगाला पिटाळायचे. मासे मारायला डोहात गेळाची फळं कुटून टाकणाऱ्यांच्या मागे काठी घेऊन धावायचे. "पानी नासवू नको!" हे पालुपद ऐकून ऐकून आम्ही त्यांच्या नकला करायचो. मी तर फर्मास करायचो.

एकदा पुलावरून मी पानाची पिंक टाकली. बाबा खालीच होते. ती ओंजळीत धरून काठावर टाकायची त्यांची धडपड पाहून मला हसू आवरेना.

"अहो, एवढी नदी! एका पिंकेनं काय होतंय?"

बाबांनी वर पाहिलं. "पोर हाय माजी हितं."

मग पाण्यात उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. त्यांची जानकी सूर्यमाळला दिलेली. एका वर्षी आभाळ लवकर भरून आलं, म्हणून बाबांनी साकव आधीच सोडला. दुसऱ्या दिवशी जानकी माहेरी यायला निघाली. साकव दिसेना म्हणून ती पाण्यात उतरली आणि वरून लोंढा आला. ती सापडलीच नाही.

"बांबू येकबी गेला नाय, दादा. समदे घरात हायेत," बाबा म्हणाले. "पुलावरनं गेलो तं तिच्या डोक्यावरनं गेल्यावानी व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली उतरून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं, पण अंगात कोट होता, पायात नवे जोडे होते. मी वरूनच निघून गेलो. नकला मात्र बंद केल्या.

दोन वर्षांनी बाबा गेले. निरोप मिळताच मी जव्हारहून आलो. साकवाच्या त्याच बांबूंची तिरडी बांधली होती. मसणवट पलीकडच्या काठाला. माणसं तिरडी घेऊन पुलाकडे वळली, तेव्हा मी म्हणालो, "वरून नको."

माणसं काठ उतरू लागली. मी जोडे काठावर काढले आणि तिरडीला खांदा दिला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. बाबा जिवंत असताना एकदा तरी त्यांच्याबरोबर असं उतरायला हवं होतं.