चिंचेच्या सावलीचं प्रशिक्षण

शाळेपुढच्या चिंचेची सावली तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला तालुक्याला गेली, तेव्हा सोबत म्हणून मी गेलो होतो. चिंच जागेवरच राहिली. बोलावणं सावलीला होतं.

त्याचं असं झालं. मूल काही सांगू लागलं तर ते ऐकायचं कसं, त्याला सांभाळायचं कसं, हे गावोगावी शिकवायचं असं वरून ठरलं. शिकवायचं कुणाला, तर मुलं ज्याला मनातलं सांगतात त्याला. म्हणून ग्रामसेविकाबाईंनी शाळेत येऊन एकेका मुलाला विचारलं, तुला काही झालं तर तू कुणाला सांगशील? त्रेसष्ट मुलांपैकी नऊ जणांनी आईचं नाव घेतलं, पाच जणांनी वर्गातल्या बाईंचं, दोघांनी कुत्र्याचं. बाकी सत्तेचाळीस जणांनी चिंचेच्या सावलीचं नाव सांगितलं. बाईंनी ऐकलं तसं लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, त्यात तिचं नाव नीट लिहिलेलं होतं. सावली, चिंचेची, प्राथमिक शाळा, खडकओहोळ.

हेडमास्तर म्हणाले की सावलीला सही येत नाही, तेव्हा बरोबर कुणीतरी हवं. मी एकतीस वर्षं त्या सावलीत बसून चपला शिवतो. माझं नाव भिवाजी सातपुते. मलाही सहीपुरतंच लिहिता येतं, पण तेवढं येतं.

एसटीच्या कंडक्टरनं आम्हाला दारातच थांबवलं. तो म्हणाला, "तात्या, सावलीला तिकीट लागत नाही. पण आत छपराची सावली आधीच बसलेली आहे. दोघी एकमेकींत मिसळल्या, तर उतरताना तुमची कुठली ते मला निवडून द्यायला जमायचं नाही."

त्याचं म्हणणं रास्त होतं. आम्ही चालत निघालो.

चौदा किलोमीटरची वाट होती. सावली माझ्या डाव्या हाताला, ज्वारीवरून, बांधांवरून अंथरत चालली होती. तिच्याखाली आलेली पाखरं संध्याकाळ झाली असं समजून गप्प व्हायची आणि ती पुढं गेली की पुन्हा बोलायला लागायची. ओढा ओलांडून पलीकडे आली तेव्हा ती जरा गार झाली होती. पुढं एक शेळ्यांचा कळप तिच्यात येऊन बसला. कुणी येऊन बसलं की तिला उठवत नाही, तो तिचा स्वभावच आहे. आम्ही शेळ्या उठेपर्यंत थांबलो. सावलीचं बोलणं तळपायाला कळतं, पायात काही नसलं की. मी चपला काढून तिला विचारलं, उशीर होईल ना गं? ती म्हणाली, होऊ दे.

प्रशिक्षण पंचायत समितीच्या सभागृहात होतं. ट्यूब लावल्या तशी ती विरायला लागली, म्हणून शिपायानं सगळे दिवे घालवले आणि एकच खिडकी उघडी ठेवली. मग ती खुर्च्यांखाली नीट पसरून बसली. अंगणवाडीच्या बाया, आशाताई, आमच्या गावचे पोलीस पाटील असे तीसेक जण होते. शेजारच्या गावातून एक हातपंप आला होता, कारण तिथली मुलं आपली गाऱ्हाणी त्याच्यापाशी सांगतात. दिवस उन्हाचे होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बायांनी खुर्च्या ओढून ओढून सावलीत आणल्या. एक म्हणाली, "आमच्या गावाला असली एक द्या की हो." दुसरी म्हणाली, "तुझ्या गावात आधी झाड तरी ठेवलंय का कुणी?"

शिकवायला ठोंबरेबाई होत्या. तालुक्यात मुलांच्या संरक्षणाचं काम त्यांच्याकडे आहे. त्या हळू बोलायच्या, त्यामुळं मला समजत होतं. मूल बोलताना मध्ये तोडायचं नाही. असं का केलंस, असं विचारायचं नाही. आपल्याकडून शब्द पुरवायचे नाहीत, त्याचेच शब्द लिहायचे. सांगितलंस ते बरं केलंस, असं म्हणायचं. आणि त्याच दिवशी ज्याचं काम आहे त्याला कळवायचं. हातपंपाला मध्ये न बोलणं फार जड गेलं. दोन दिवस त्याच्याकडून तेवढंच करून घेत होते.

तिसऱ्या दिवशी ठोंबरेबाई म्हणाल्या, "कुणाला सांगणार नाही, असं वचन मुलाला कधीही देऊ नका. पाळलंत तर मूल एकटं पडतं."

तेव्हा सभागृह एकदम गार पडलं. बायांनी पाय वर घेतले. एकीनं पदर अंगाभोवती लपेटला. मी पायातल्या चपला काढल्या, पण सावली नुसती थंड होत चालली होती.

ठोंबरेबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी खडू ठेवला, आपल्या चपला काढल्या आणि त्या सावलीत येऊन उभ्या राहिल्या.

"सावलीबाई, तुम्ही कुणाला वचन दिलंय का?"

त्या बराच वेळ ऐकत उभ्या होत्या. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर चहाला पाठवलं. मी सोबतीचा म्हणून राहिलो. त्यांनी कागद घेतला आणि उभ्यानंच लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते सावलीला वाचून दाखवलं, काही चुकलंय का म्हणून. ते असं होतं.

"मी दळण आणायला गेले की गिरणीवाला काका आतून कडी लावतो. माझा हात सोडत नाही. मी हिसडा देऊन पळते. आईला सांगितलं तर आई माझी शाळा बंद करील. तू कुणाला सांगू नको. म्हण, नाही सांगणार."

आणि सावली म्हणाली होती, नाही सांगणार.

ती वैजू होती. सहावीतली, कांद्याच्या रानात जाणाऱ्या कौसल्याची मुलगी. मला नाव ऐकायच्या आधीच कळलं होतं. दर सोमवारी, दळणाच्या दिवशी, ती चपलेचा तुटका अंगठा घेऊन माझ्याकडे यायची. संक्रांतीपासून मी तिची तीच चपल सात वेळा शिवली होती. चालून तुटलेला अंगठा वेगळा असतो आणि पळून तुटलेला वेगळा, हे मला एकतीस वर्षांत कळत नाही असं नाही. मी टाके घालायचो आणि तिला सांगायचो, पोरी, पळत जात जाऊ नकोस.

हे मी ठोंबरेबाईंना सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. दुसरा कागद घेतला, माझे शब्द लिहिले, खाली तारीख घातली आणि माझी सही घेतली.

मग सावली बोलली. तेव्हा माझेही पाय उघडेच होते.

"आता ती माझ्यात बसायची नाही."

"कदाचित नाही बसणार," ठोंबरेबाई म्हणाल्या. "तरी सांगितलंत ते बरं केलंत."

प्रमाणपत्रं वाटायची राहिली. त्याच दुपारी आम्ही जीपनं निघालो. पुढं ठोंबरेबाई आणि साध्या कपड्यांतल्या एक पोलीसबाई बसल्या होत्या, मागं पोलीस पाटील आणि मी. सावली जीपच्या बाजूनं शेतांवरून आली. या वेळी वाटेत कुणी तिच्यात येऊन बसलं नाही. ती फार जोरात येत होती.

गावात चिंच तीन दिवस उन्हात उभी होती. मुलांसाठी हेडमास्तरांनी ताडपत्री बांधली होती, पण ताडपत्रीला मुलं काही सांगत नव्हती. ठोंबरेबाई आधी रानात कौसल्याकडे गेल्या. कौसल्या मटकन बांधावर बसली. पहिल्यांदा ती म्हणाली की पोरीला आता घरातच ठेवते. बाईंनी तिला सांगितलं, शाळा बंद करायची नाही, रागवायचं नाही, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही.

"मग मी करू तरी काय, बाई?"

"जेवायला घाला. जवळ घेऊन झोपा. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर थांबा. मी दर गुरुवारी येणार आहे, तुमच्याशीही बोलायला."

वैजूशी पोलीसबाई बोलल्या, आईला जवळ बसवून. वैजूनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. संध्याकाळच्या आत गिरणीवाल्या रंगनाथला घेऊन गेले. दर पंधरा ऑगस्टला मुलांना पेन्सिली वाटणारा माणूस, म्हणून गावाला पटेना. सरपंच चावडीवर म्हणाले की सावलीचा काय भरवसा, सकाळी एकीकडे अन् दुपारी दुसरीकडे. पोलीस पाटील त्यांच्या समोरच बसलेले होते. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, पोर स्वतः बोललीय. सावलीनं फक्त निरोप पोचवला." गाव दळणाला पलीकडच्या वाडीला जाऊ लागलं.

चौथ्या दिवशी वैजू शाळेत आली. मधल्या सुट्टीत ती झेंड्याच्या खांबाजवळ जाऊन उन्हात बसली, चिंचेकडे पाठ करून.

दुपारनंतर सावली पूर्वेकडे वाढते, खांबापर्यंत जाते. त्या दिवशी ती गेली नाही. वैजूच्या अलीकडे एक हात अंतरावर थांबली आणि तिथंच दुमडून राहिली. दुसऱ्या दिवशी वैजू हौदापाशी बसली, तर सावली हौदाच्या अलीकडे थांबली. रोज असंच. कधी उत्तरेला तुटलेली, कधी पूर्वेला. हेडमास्तरांनी वहीत नोंद केली की सावली एका बाजूनं हातभर कमी पडते, बाकी काम व्यवस्थित आहे. दर गुरुवारी ठोंबरेबाई येत, कौसल्याच्या घरी जात, जाताना सावलीत घटकाभर उभ्या राहत. प्रमाणपत्र त्यांनी माझ्याजवळ दिलं. मी ते माझ्या पेटीत ठेवलं, कारण तिला ठेवायला जागा नव्हती.

असे पाच आठवडे गेले. वैजूची चपल मधल्या काळात एकदाही तुटली नाही.

सहाव्या आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळेला, ती चिंचेजवळ आली. सावलीच्या कडेला उन्हात उभी राहिली. मी माझ्या कामात होतो. मान वर केली नाही.

ती सावलीला म्हणाली, "तू सांगितलंस."

मग ती म्हणाली, "आई रागावली नाही."

मग तिनं चपला काढल्या आणि एक पाय आत ठेवला. मी माझ्या चपला पायात घातल्या. ते त्या दोघींचं बोलणं होतं. थोड्या वेळानं तिनं दुसराही पाय आत घेतला आणि ती खाली बसली. कडेचा तो दुमडलेला भाग हळूहळू उलगडत गेला, खांबापर्यंत, हौदापर्यंत.

शाळा सुटली, मुलं पांगली, तरी ती बसून होती. रानातून कौसल्या आली. अंगावर कांद्याची धूळ तशीच होती. तिनं हाक मारली नाही. डोक्यावरची पाटी उतरवून ती लांब फाटकाशी उभी राहिली. हेडमास्तर कुलूप हातात धरून उभे राहिले. मीही आरी बाजूला ठेवली.

सूर्य मावळला तशा शाळेच्या, खांबाच्या, आम्हा सगळ्यांच्या सावल्या गेल्या. चिंचेची थांबली. वैजूचं अजून सांगून व्हायचं होतं.