रहीमचाचांचा शब्द

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचंही काही खरं नाही. चौथीपुढं शाळा झाली नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

कळंबात आमच्या शेजारी राहणारे रहीमचाचा नव्या माणसाला आधी पाणी देत आणि मग विचारत, "तुमच्या बोलीत नवरा मेलेल्या बाईला काय म्हणतात?" कानडी व्यापारी असो की तेलंगी गवंडी, कुणी सुटत नसे. एक बांगडीवाली तर हे ऐकून टोपली तशीच उचलून निघून गेली.

चाचा हैदराबादेत दवाखान्यात कंपाउंडर होते. निजामाचं राज्य गेल्यावर गावी परतले. दवाखान्यातल्या एका आयरिश नर्सबाईनं त्यांना तिच्या देशातला अशा बाईसाठीचा शब्द सांगितला होता, बान्त्रख. चाचा तो खडीसाखरेसारखा तोंडात घोळवत. "आपले शब्द एक तर शिव्या, न्हायतर काय गेलं ते सांगणारे. ह्यात बघा, बान म्हणजे बाई. पुढचं म्हणजे घरदार चालवणारी, जमीन कसणारी. नवरा शब्दात न्हायच."

त्याहून त्यांना व्याकरणाचं कौतुक. तिकडं बायको मेलेल्या गड्यालाही हाच शब्द, शेवटी फक्त 'गड्याची' अशी शेपटी. शब्द स्त्रीलिंगीच राहतो. "म्हणजे मी बी ती बान्त्रखच," असं ते पोस्टमनला सांगत. पोस्टमन मान डोलावून सायकल दामटी.

माझे मालक वारले त्या साली रब्बीच्या पेरणीला तिफण जुंपली. आमच्यात पहिली मूठ सवाशिणीनं धरायची, म्हणजे तिफणीवरच्या चाड्यात बियाणं तिनं सोडायचं. शेत माझं, पण दीर म्हणाले, मी बांधावर थांबावं. जाऊबाई तापानं फणफणल्या होत्या, तरी त्यांनाच उठवून आणायला ते निघाले.

तेवढ्यात चाचा छत्री टेकत आले. त्यांनी दिरांना विचारलं, आपण मूठ धरली तर चालेल का. दीर हसले.

"धरा की चाचा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"माझी बी रजिया गेलीच की."

"गड्याला काय त्याचं?"

चाचांनी पाटीतले जोंधळे मुठीत घेतले आणि तसेच उभे राहिले. "व्हय," ते म्हणाले. "मला कुणीच अडवत न्हाय. सारा जन्म तिच्यासंगं काढला, आन ती गेल्याचं माझ्यावर कुठं दिसत बी न्हाय."

मूठ त्यांनी माझ्या ओंजळीत रिकामी केली. "धर, बेटी."

दिरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी बैल हाकले. मी चाड्यात मूठ धरली.

चाचा बांधावरच बसले. तिफण वळून जवळ आली की रजियाचाचीचं काहीबाही सांगत, तिला डाळीत चिंच लई लागायची, असलं. तिफण लांब गेली की गप्प बसत.