शिरोडेकाकांची तपासणी

शिरोडेकाकांनी एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाचं वजन केलं होतं. चेष्टा नाही, आमच्याच घरची पूजा. आईने प्रसादाचा द्रोण हातात ठेवला, तर काकांनी खिशातून स्प्रिंगचा छोटा काटा काढला, द्रोण रुमालात बांधून लटकवला, मग शेजारच्या देवऱ्यांचाही लटकवला आणि म्हणाले, "वहिनी, देवऱ्यांना वीस ग्रॅम जास्त गेला."

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते, पण काटा काही सुटला नव्हता. "विश्वास आहे हो, पण बघायला काय हरकत?" हे त्यांचं पालुपद. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत येणारा भाजीवाला दौलत त्यांना गेटात पाहिलं की हातगाडी वळवायचा. सापडलाच तर हात जोडायचा. "साहेब, लय झालं आता. एक मेथीची जुडी किती येळा लटकवाल?"

माझ्या बहिणीला बघायला सटाण्याचं स्थळ आलं, तेव्हाही काका हजर. मुलाने उंची पाच फूट आठ इंच सांगितली. काकांनी त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून टेप लावली. पाच सात भरली. मुलगा कानापर्यंत लाल झाला, बहीण खुदकन हसली आणि त्या हसण्यावरच लग्न जमलं. भावजी अजूनही त्या चौकटीतून वाकून जातात.

असा हा माणूस तीन वर्षं काकूंबद्दल सांगत होता, "शोभा पुण्याला मुलीकडे असते," आणि अख्ख्या कॉलनीत एकानेही पुढचा प्रश्न विचारला नाही. मिरच्यांची देठं वेगळी काढून वजन करणारा माणूस स्वतःच्या घराबद्दल खोटं कशाला बोलेल? दुसरं कारण सांगायला लाज वाटते. काकांपाशी थांबलं की हातातली पिशवी तपासली जायची, म्हणून आम्ही लांबूनच मान हलवून सटकायचो. रोज दुपारी चारला ते डबा घेऊन बाहेर पडत. कुठे, ते कोणी विचारलं नाही. देवरे म्हणायचे, "सापडला असेल एखादा नवा दुकानदार."

मी बँकेत आहे. एका म्हाताऱ्या खातेदाराचा हयातीचा दाखला घ्यायला मी गंगापूर रोडच्या पुढे एका वृद्धाश्रमात गेलो होतो. काम उरकून निघालो, तर व्हरांड्यात काका. समोर शोभाकाकू. केस बारीक कापलेले, अंगाने निम्म्या झालेल्या. काका त्यांना चमच्याने मुगाची खिचडी भरवत होते.

काकूंनी मला बघितलं. "या, बसा. हे माझे दादा. आत्ताच वणीहून आले."

मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "हो, सकाळच्या एसटीने आलो."

"गडावर गर्दी होती?"

"होती. पण दर्शन छान झालं. आईने तुझ्या नावाने ओटी भरली."

काकूंची आई जाऊन वीस वर्षं झाली असतील. काकू समाधानाने हसल्या आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

पाणी आणायच्या निमित्ताने काका माझ्याबरोबर नळापर्यंत आले.

"रात्री गॅस सुरू ठेवून बाहेर निघून जायची," ते म्हणाले. "दोनदा शोधून आणली. मुलगी येते महिन्यातून. तिलाही ओळखत नाही."

"काका, आम्हाला सांगायचं तरी."

"सांगणार होतो रे. पहिल्या महिन्यात तर रोज मनात वाक्यं जुळवून खाली उतरायचो. कोणी विचारलं की सांगू, म्हणून." त्यांनी तांब्या भरला. "मग सवय मोडली."

मी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि आम्ही परत व्हरांड्यात गेलो. काकूंनी काकांना निरखून पाहिलं. आता दादाही पुसला गेला होता.

"तुम्ही कुठले? घरी कोण असतं?"

"बायको असते," काका म्हणाले.

"मग निघा की आता. वाट बघत असेल ती."

"हो, निघतोच," काका म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.