ऐंशी टक्क्यांचा पाहुणा

जी गोष्ट माणसाला जन्मभर मिळाली नाही, ती दुसऱ्या प्राण्याला पुरवायची वेळ आली की माणूस विलक्षण शास्त्रशुद्ध वागू लागतो. मे महिन्यातही विदर्भातल्या आमच्या दिग्रसच्या हवेत पाणी असतं, असं वेधशाळा म्हणते. आम्ही तिच्या शब्दाचा मान राखतो. अनुभव मात्र नाही. इथे दोरीवर धोतराचं दुसरं टोक टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं (माझ्या आजोबांचं पिळतानाच वाळायचं, पण ते जुने लोक).

अशा हवेत शेजारच्या नीळकंठरावांकडे एक खेकडा राहायला आला.

खेकडा वेंगुर्ल्याचा, नाव पिंट्या. हा जातीचा भाडेकरू. गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो आणि घर पाठीवर घेऊन हिंडतो. त्याची मालकीण मिताली. नीळकंठरावांच्या अनिकेतशी तिचं लग्न जूनमध्ये होणार, असं जवळजवळ ठरलं होतं. मुलीकडची माणसं घर बघायला येतात, ही रीतच आहे. मितालीने काचेच्या पेटीतून खेकडा पाठवला. सोबत निरोप: "पिंट्याला ऐंशी टक्के आर्द्रता लागते, नाहीतर त्याचा श्वास कोंडतो. महिनाभर तो तुमच्याकडे नीट राहिला, तर मीही राहीन."

इतकी वाजवी अट मी कुठल्याच सोयरिकीत ऐकली नव्हती. (पद्मजावहिनी, म्हणजे अनिकेतची आई, मालवणहून लग्न होऊन इथे आल्या, तेव्हा असं काही पुढे पाठवायची पद्धत नव्हती. पहिल्याच मे महिन्यात त्यांचा घोळणा फुटला. नाकाला कांदा लावून सांगितलं, होईल सवय. सवय झाली. खोकला तेवढा राहिला.)

नीळकंठराव जिनिंगमधून कापसाचे ग्रेडर म्हणून निवृत्त झालेले. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, डोळे मिटायचे आणि ओलावा किती ते सांगायचे. बारा टक्क्यांच्या वर ओलावा म्हणजे लबाडी, हे त्यांचं संपूर्ण तत्त्वज्ञान. ऐंशी ऐकून त्यांना आधी मुलीकडच्यांच्या चारित्र्याचीच शंका आली. पण अनिकेतला केस कमी आणि नकार जास्त, हे ध्यानात घेऊन त्यांनी शंका गिळली. पेटीत हात घातला. डोळे मिटले.

"नऊ," ते म्हणाले. "माल एकदम चोख आहे."

माल शंखात जाऊन बसला आणि बाहेर येईना.

तेव्हा आर्द्रता व्यवस्थापन समिती स्थापन झाली. अध्यक्ष नीळकंठराव, सदस्य मी (पात्रता: शेजार). पहिला निर्णय पेटीचं काचेचं झाकण काढण्याचा. मे महिन्यात जिवंत प्राण्यावर झाकण ठेवणं हे दिग्रसमध्ये क्रौर्य समजलं जातं. मग कूलर हॉलमधून खेकड्याच्या खोलीत गेला. खिडक्यांना ओली गोणपाटं लागली. स्वयंपाकाचा गॅसही तिथेच आला, कारण कुकरची वाफ वाया घालवणं राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय होता. कुकरमागोमाग वहिनीही आल्या. नळ दिवसाआड येतो, म्हणून आंघोळी आधी दिवसाआड आणि पुढे ऐच्छिक करण्यात आल्या.

अनिकेतने ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. पन्नास टक्क्यांना पापड वाकले. साठला मिठाचा दगड झाला. सत्तरला दार इतकं फुगलं की अध्यक्षांना खिडकीतून बाहेर काढावं लागलं. सत्तरलाच वहिनींचा खोकला थांबला (विषय समितीच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे दखल घेतली नाही).

बाजाराच्या दिवशी तांड्यावरचे धरमसिंग येऊन गेले. नीळकंठरावांनी कधीकाळी त्यांचा कापूस परत पाठवला होता. त्यांनी गोणपाट वर करून बराच वेळ आत पाहिलं.

"साहेब, मह्या कापसात तेरा निघाले तं तुम्ही गाडी वापस केलती. अन् याले ऐंशी पायजे तं कुकर लावून राह्यले."

"तो कापूस होता, धरमसिंग. हा सोयरा आहे."

"मंग पयलेच सांगा लागत होतं. म्या बी कापसावर एक खेकडा बसवून आणला असता."

काटा पंचाहत्तरवर अडला. पिंट्या बाहेर येईना, आणि जून तर दाराशी आला. शेवटी अनिकेतने घाबरत मितालीला व्हिडिओ कॉल लावला. तिने पेटी पाहिली आणि विचारलं, "झाकण कुठंय?"

झाकण गच्चीवर होतं. त्यावर कुरडया वाळत होत्या.

"झाकण ठेवा आणि वाळूवर थोडं पाणी शिंपडा. बस. खोलीला काही करायची गरजच नव्हती."

झाकण ठेवलं. पेटीतला काटा ऐंशीवर जाऊन उभा राहिला. शंखातून एक पाय आला, मग दुसरा, आणि पिंट्या वाळूवर फेरी मारायला निघाला. सोयरीक वाचली. अध्यक्षांनी समितीचे आभार मानले, समिती विसर्जित केली आणि गोणपाटाला हात घातला.

"ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"अगं, खेकड्याचं भागलं."

"त्याचं भागलं. माझं?"

"तुले काय झालं? इतकी वर्षं राहून राह्यली ना?"

"राहिले. मले किती टक्के लागते, ते कोणी विचारलं नाही."

फोन चालूच होता, हे सगळे विसरले होते. त्यातून मितालीचा आवाज आला. "काका, पिंट्याला परत पाठवा. काकूंच्या खोलीतला काटा तेवढा मला रोज दाखवत जा. मग बघू जूनचं."

सध्या नीळकंठराव सार्वजनिक नळावर बादली घेऊन उभे असतात. ग्रेडर म्हणून नाव कमावलेल्या माणसाने रांगेत धक्के खाणं बरं दिसत नाही, पण काटा अठ्ठ्याहत्तरवर आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट त्या घरात कोणाच्या लक्षात कशी आली नाही? रास्त प्रश्न आहे. पण वहिनींचा घोळणा मी तुमच्यादेखतच, कंसात का होईना, फोडला होता, आणि खोकलाही तुमच्यासमोरच थांबवला. तुम्ही तेव्हापासून, पिंट्या शंखाबाहेर येतो की नाही, एवढंच बघत होतात. समिती पुन्हा भरतो आहोत. एक जागा रिकामी आहे. तुमची पात्रता तपासून झाली.