कोंडाबाईंच्या तारेची गुणपडताळणी

मंगळवार, आठ जुलै. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कोंडाबाई निंबारे बारावीच्या मराठी पुस्तकातल्या पान एक्कावन्नवरून खाली उतरल्या आणि पाठ्यकथा देखभाल कार्यालयाच्या खिडकी क्रमांक दोनसमोर रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे तीन माणसं होती. मी त्याच कार्यालयात गळक्या छताच्या बातमीसाठी गेलो होतो, म्हणून हे सगळं पाहता आलं. छताची बातमी राहिली.

कोंडाबाई 'उंबऱ्यावरची तार' या कथेतल्या आई. चव्वेचाळीस वर्षं ही कथा पाठ्यपुस्तकात आहे. त्यांचा मुलगा केरबा भुसावळला रेल्वेच्या कामावर गेलेला असतो, सहा महिने त्याचा कागद नसतो आणि एके दुपारी तारवाला घरी तार आणून देतो. शेजारच्या बायका तार बघूनच रडायला लागतात, त्यांचं बघून कोंडाबाईही. कोंडाबाई उंबऱ्यावर पडलेली तार उचलतात आणि कथा संपते. तारेत काय होतं ते लेखकाने लिहिलेलं नाही. परीक्षेत त्यावर चार गुणांचा प्रश्न असतो: तारेत काय असेल, ते कथानकाच्या आधारे स्पष्ट करा.

खिडकीमागे अधीक्षक मुरकुटे स्वतः बसले होते, कारकून रजेवर होता.

"कोणत्या पाठातून?" मुरकुट्यांनी मान वर न करता विचारलं.

"तारेच्या."

"पाठ सोडायची परवानगी?"

"कुणाकडं मागू? लेखक वारला."

"मग वारसामार्फत अर्ज करायचा. बाई, आत्ता जिल्ह्यातल्या चौदा कॉलेजांत तुमचा तास चालू असेल. तिथे उत्कर्षबिंदू आलाय आणि तार उचलायला कुणी नाही. मला फोन येतील."

फोन आलाच. मुरकुट्यांनी "हो, इथेच आहेत, चारपर्यंत पाठवतो" असं सांगून ठेवला.

"माजं एकच म्हननं हाय सायेब," कोंडाबाई म्हणाल्या. "माजा केरबा जित्ता हाय का न्हाई, त्येवढं लिहून द्या. दरसाल एप्रिलात त्यो मरतोय. चव्वेचाळीस येळा सुतक पाळलं म्या. जूनला नवी पोरं पुस्तक उघडत्यात, तार परत बंद असती, मी परत आशेला लागते. आता सोसंना."

हे कसं होतं, ते मुरकुट्यांनी मला नियमावलीतून वाचून दाखवलं. नियम चौदा: कथेचा शेवट खुला असल्यास, परीक्षेत पूर्ण गुण मिळालेलं उत्तर पात्रावर बंधनकारक राहील. तपासनिसांकडे जी आदर्श उत्तरपत्रिका जाते तिच्यात 'तार मुलाच्या निधनाची' असं छापलेलं आहे. त्याच उत्तराला चारपैकी चार मिळतात. मुलं तेच लिहितात. म्हणून केरबा मरतो.

मी ते ऐकून गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. "मुरकुटे, तुमच्या कार्यालयाने एका आईच्या पोराला चव्वेचाळीस वेळा मारलंय, आणि तुम्ही मला नियम वाचून दाखवताय?"

"तुम्ही कोणत्या सालचे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"पंच्याऐंशी."

"या प्रश्नाला किती मिळाले होते?"

मला चारपैकी चार मिळाले होते. ते मी त्यांना सांगितलं. कोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर नीट केला.

"तार तुमच्याजवळ आहे का?" मी विचारलं.

त्यांनी कनवटीतून बंद पाकीट काढलं. उघडून बघू, मी म्हणालो. मुरकुट्यांनी हरकत घेतली नाही. आधी त्यांनी नखाने प्रयत्न केला, मग फूटपट्टीने, मग शिपायाने पाकीट चहाच्या वाफेवर धरलं. कागद ओला झाला, पण चिकटवलेली कड सुटली नाही.

"शेवट खुला असेपर्यंत तार बंदच राहणार," मुरकुटे म्हणाले. "पुढचं सगळं गुणांवर आहे. मुख्य नियामकांना बोलवतो."

मुख्य नियामक प्रा. अच्युत चिंचणीकर एका वाजता आले. जिल्ह्यातल्या उत्तरपत्रिकांवर शेवटचा शब्द त्यांचा. आदर्श उत्तर लिहिणारेही तेच. अभिलेख खोलीत, दोन बादल्यांच्या मधे टेबल लावून सुनावणी सुरू झाली. छत ठिबकत होतं.

"यात सुनावणीसारखं काय आहे?" चिंचणीकर म्हणाले. "आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट. मुलगा दूर जातो हा आरंभ. कागद येत नाही ही गुंतागुंत. तार हा उत्कर्षबिंदू. आणि त्या काळात खेड्यात तार म्हणजे मयतीची. दारात तार आली की लोक न वाचता रडायला लागत. लेखकाने ते दाखवलंय. बाई, मला वाईट वाटतं, पण कथानकच तसं आहे."

"सर, तुम्ही ही कथा शेवटची कधी वाचलीत?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सरळ प्रश्न आहे. अथपासून इतिपर्यंत. कधी?"

"आदर्श उत्तर हाताशी असताना दरवर्षी कथा कशाला वाचायची?"

मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि त्यांना दिसेल असं त्याखाली रेघ मारली. मग कार्यालयातलं पाठ्यपुस्तक मागवलं. पाठ्यकथा देखभाल कार्यालयात पाठ्यपुस्तक नव्हतं. गाईडं होती, सात प्रकाशनांची, आणि सातही गाईडांत केरबा मेलेला होता.

"माझ्याकडे आहे पुस्तक," दारातून कुणीतरी म्हणालं.

ती तसलीम आत्तार. खिडकीवर कोंडाबाईंच्या मागे उभी होती, कारकून नसल्यामुळे तिचं काम झालं नव्हतं, आणि रांग मोडू नये म्हणून ती कोंडाबाईंच्या मागोमाग सुनावणीलाही आली होती. बारावीला मराठीत ती तीन गुणांनी नापास झाली होती. उत्तरपत्रिकेची छायाप्रत हातात होती. तारेच्या प्रश्नाला लाल शाईत शून्य.

"तू काय लिहिलंस?" मुरकुट्यांनी विचारलं.

"केरबा जिवंत आहे असं. तो गावाकडे येतोय, त्याची तार आहे."

चिंचणीकर हसले. "बाळ, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नसतं. कथानकाच्या आधारे लिहायचं असतं."

"तसंच लिहिलंय, सर. पान एकोणपन्नास, तिसरा परिच्छेद." तिने पुस्तक न उघडता म्हणून दाखवलं: "तारवाल्याने वळणावरूनच घंटी वाजवली. सायकल शेवग्याला टेकवली. पाणी मागितलं, तांब्याभर प्याला आणि म्हणाला, गूळ असला तर द्या खडा."

"बरं, मग?"

"माझे आजोबा तारवाले होते, सर. एकतीस वर्षं. मयतीची तार असली की ते गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरायचे. घंटी नाही वाजवायची. त्या घरचं पाणी नाही प्यायचं. दारात उभं राहून सही घ्यायची आणि परत फिरायचं. पाणी आनंदाच्या तारेलाच प्यायचे. आणि गूळ मागायचे तो मुलगा झाला, नोकरी लागली, कुणी येतंय, अशा तारेला. सगळे तारवाले असंच करत, असं ते सांगायचे. लेखकाला हे माहीत असणार, नाहीतर तीन ओळी कशाला खर्च केल्या असत्या? तारेत काय आहे ते त्याने आधीच सांगून ठेवलंय. फक्त बायकांच्या रडण्याआधी सांगितलंय, म्हणून पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही."

मुरकुट्यांनी कोंडाबाईंकडे वळून रीतसर विचारलं, "साक्ष द्या. तारवाल्याने पाणी घेतलं होतं?"

"घेतलं की! वर गूळ बी खाल्ला. म्याच दिला."

"मग तुम्ही रडलात कशाला?"

"अवो, शेजारनी रडाय लागल्या म्हून! मला तारंतलं काय कळतंय? आन पानी पिन्याचा काय अर्थ असतो त्ये लेखकानं पोरास्नी सांगितलं, मला कुटं सांगितलं? वाचून घ्यावी म्हटलं तर त्येनं गोष्टच तितं थांबीवली."

चिंचणीकरांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. एकोणपन्नासावं पान त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, ते भडकतील, आणि मी त्याची तयारीही करून ठेवली होती. ते भडकले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

"मी एकोणीसशे सत्त्याऐंशीला पहिल्यांदा शिकवली ही कथा," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "तेव्हा गूळ लक्षात आला होता मला. नंतर गाईड आलं."

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, छायाप्रतीवरचं शून्य खोडलं, सही केली आणि आकडा लिहिला. तीन.

तीन गुणांनी तसलीम पास झाली. कोंडाबाई पुढे वाकून कागदाकडे बघत होत्या.

"तीन म्हंजी काय, सायेब? पोरगं येनार न्हवं?"

मुरकुट्यांनी नियमावली उघडली. "नियमात पूर्ण गुण म्हटलंय. चार हवेत."

"मग तिनात किती येतंय?"

"पाऊण," मुरकुटे म्हणाले, "पण पाऊण मुलगा नियमात बसत नाही."

"एक गुण कशाचा कापलात?" मी उठून उभा राहिलो. "चव्वेचाळीस वर्षांत एका मुलीने तुमचा पाठ वाचला, आणि तुम्ही तिचा गुण कापता?"

"ओरडू नका," चिंचणीकर म्हणाले. "नियमानेच कापलाय. उत्तरात तिचे आजोबा आहेत. आजोबा पाठात नाहीत. पाठाबाहेरचा मजकूर, एक गुण वजा. हे मी सगळ्यांना करतो."

हे खरं होतं. ते सगळ्यांना तसंच करत. मी परत खाली बसलो, आणि तीस वर्षांच्या बातमीदारीत असं फार वेळा झालेलं नाही.

"सर, आजोबा पाठात आहेत," तसलीम म्हणाली.

"कुठे? नाव दाखव."

"लेखकाने तारवाल्याचं नाव लिहिलेलं नाही."

"म्हणून तो तुझा आजोबा?"

तसलीम खरं बोलत होती की गुणासाठी झुंजत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. साडेतीन झाले होते. बाहेर फोन पुन्हा वाजायला लागला होता. चौदा कॉलेजांतली चौदा पुस्तकं शेवटच्या परिच्छेदावर अडली होती.

कोंडाबाईंनी तसलीमला जवळ ओढलं. "पोरी, तुजा आजा पानी प्याल्यावर तांब्या कसा द्यायचा गं?"

"पालथा करून," तसलीम म्हणाली. "आमच्या घरीसुद्धा. आजी ओरडायची, जमीन ओली होते म्हणून. ते म्हणायचे, थेंबसुद्धा ठेवला नाही हे घरच्या बाईला दिसलं पाहिजे."

कोंडाबाई चिंचणीकरांकडे वळल्या. "उंबऱ्यावर पालथा घालूनच ठेवला व्हता त्येनं. म्या तवा मनात म्हनलं, काय येडं मानूस हाय, समदा उंबरा भिजीवला. पुस्तकात न्हाई ल्हिलं त्ये. पर मी तितं व्हते."

चिंचणीकरांनी पुस्तक परत उघडलं. पान एक्कावन्न. शेवटून दुसरी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: "ओल्या उंबऱ्यावर तार पडली होती." मग म्हणाले, "उंबरा ओला का, हा प्रश्न मला एका मुलाने विचारला होता. पावसाळा असेल, म्हणून मी त्याला खाली बसवलं. कथेत वैशाख आहे."

पाठातलंच आहे, असं म्हणत त्यांनी तीन खोडून चार केले. मुरकुट्यांनी गोल शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, तारीख आणि वेळ लिहिली: तीन वाजून सेहेचाळीस मिनिटं. पाकिटाची कड आपोआप सुटली. तार इंग्रजीत होती, चार शब्दांची. तसलीमने ती वाचून मराठीत सांगितली: गुरुवारच्या गाडीने येतो.

कोंडाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आज वार कोंचा?"

"मंगळवार."

"म्हंजी परवा. अगं बाई, घरात दळन न्हाई." आणि त्या निघाल्या. दारात थांबून तसलीमला म्हणाल्या, "आज्याला सांग, गूळ घेऊन ठिवलाय म्हनावं." आजोबा वारल्याचं तसलीमने त्यांना सांगितलं नाही. माझ्याजवळून जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "आन तुमी. फुडल्या टायमाला वाचून ल्हिवा." चार वाजायला पाच मिनिटं असताना त्या पान एक्कावन्नवर परत रुजू झाल्या, आणि कॉलेजांचे फोन थांबले.

तसलीमला नवीन गुणपत्रिका पंधरा दिवसांत मिळाली. चिंचणीकरांनी आदर्श उत्तर रद्द केलं. त्या जागी आता 'पाठ वाचून तपासावे' एवढंच वाक्य आहे, आणि तपासनिसांच्या संघटनेने कामाचा बोजा वाढल्याबद्दल निवेदन दिलं आहे. ते निवेदन मी छापलं, खाली माझं मत जोडून. मत निवेदनापेक्षा लांब झालं.

एक गोष्ट उरली आहे. पान एक्कावन्नवर एक रेखाचित्र आहे: घर, शेवग्याचं झाड आणि रिकामा उंबरा. ते चित्र काढणारे चित्रकार एकोणीसशे नव्वद साली वारले. शुक्रवार, अकरा जुलैपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रतीत, जुन्या, नव्या आणि वाचनालयातल्या बांधीव प्रतीतसुद्धा, त्या उंबऱ्याबाहेर पुरुषी बुटांचा एक जोड काढलेला दिसतो. रेल्वेच्या कामगारांना मिळतात तसे जाड तळाचे बूट आहेत. डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे, घाईत काढल्यासारखी. हे कोणी काढलं, असं मी कार्यालयाला माहिती अधिकारात लेखी विचारलं. तीस दिवसांची मुदत कधीच उलटली. उत्तर आलेलं नाही.