टाकी साफ!

"अगं, आयुष्यभर माणसं जमवली मी! मासे जमवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" तडजोडराव छाती फुगवून म्हणाले, आणि त्यांची बायको सावध झाली.

कारण ती त्यांना पुरती ओळखून होती. तडजोडराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते ऑफिसानं ठेवलेलं. कुणाला कुणाशेजारी बसवायचं, खिडकी कुणाला द्यायची, रुसलेल्याला कुठल्या विभागात हलवायचं, हा सगळा कारभार त्यांच्याकडे. हिशेब विभागातले दोघंजण वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तडजोडरावांनी त्यांची टेबलं समोरासमोर लावली आणि आठवड्यात दोघांचं असं गूळपीठ जमलं की विचारू नका! आता ते दोघं बोलत नाहीत ते फक्त तडजोडरावांशी. एवढा शेवटचा तपशील मात्र ते सांगताना गाळतात.

बायको दातांची डॉक्टर, तीही लहान मुलांची. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या दवाखान्यांत दात काढत आली होती. म्हणजे मुलांचे. दुसऱ्यांच्या दवाखान्यात स्वतःला दात काढायची सवड कुठली! आता कुठे तिचा स्वतःचा दवाखाना होत होता. इकडे तडजोडरावांची निवृत्ती दाराशी आलेली, आणि त्यांचा डोळा होता दवाखान्यातल्या स्वागताच्या खुर्चीवर. येणाऱ्याला हसून 'या, बसा' म्हणायचं, आतबाहेर लक्ष ठेवायचं, चार माणसांत राहायचं. ती खुर्ची मिळाली नाही तर सकाळी उठून करायचं काय, या विचारानं त्यांना आतून धडकी भरायची. ते कुणाला सांगत नसत, पण भरायची.

"टाकीचं काम नीट पार पाडा, मग खुर्चीचं बघू," बायको म्हणाली होती.

टाकी म्हणजे काय साधीसुधी नव्हे! बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खाऱ्या पाण्याची, आत दगडांचे डोंगर आणि त्यांवर जिवंत प्रवाळ. जांभळी, हिरवी, बोटं हलवल्यासारखी हलणारी. बायकोचं म्हणणं असं, की मासे बघताना मुलाचं तोंड आपोआप उघडं राहतं, आणि उघडं तोंड म्हणजे आमचं अर्धं काम झालं.

टाकी बसवून देणारा दुकानदार होता, त्याला सगळे टाकीवाले म्हणत. टाकीतलं पाणी माशांना मानवेल असं मुरेपर्यंत त्यानं कित्येक आठवडे थांबायला लावलं आणि मग मासे निवडायला दुकानात बोलावलं. तडजोडराव हात पाठीमागे बांधून काचेकाचेपुढून फिरू लागले, उमेदवारांच्या मुलाखती घेत असल्यासारखे.

"हा स्वभावानं कसा आहे?"

"साहेब, खाऱ्या पाण्यातलं गणित सोपं," टाकीवाले म्हणाले. "तोंडात मावेल ते जेवण, आपल्यासारखा दिसेल तो वैरी, आणि मागून येईल तो चोर."

"अहो, हे तर आमच्या ऑफिसचं वर्णन झालं!" तडजोडराव खूश होऊन म्हणाले.

पांढऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जोडपं निवडलं, तिथवर ठीक होतं. मग दगड पुसत बसणारी लाल कोळंबी घेतली, गोगलगायी घेतल्या, शंखांत राहणारे इवलेसे खेकडे घेतले. ही सगळी सफाईची मंडळी. आणि मग तडजोडरावांची नजर गेली दोन पिवळ्याधमक माशांवर.

"हे दोन्ही द्या. एका रंगाचे, एका घराण्यातले. भावकीच की!"

"भावकी आहे म्हणूनच सांगतो, नका नेऊ."

पण ऐकतील ते तडजोडराव कसले! दोघांना टाकीत सोडलं मात्र, भावकीनं आपले गुण दाखवले. आधी शेपट्या आपटून झाल्या, मग एकानं दुसऱ्याला असं पळवलं की वाळू उडून टाकीत धुकं पसरलं. नारिंगी जोडपं घाबरून प्रवाळाच्या मागे जाऊन बसलं. तडजोडराव काचेला नाक लावून दोघांची समजूत घालत होते.

सासूबाई दवाखान्याच्या साफसफाईवर देखरेख करायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मासे भांडतायत की तुमची बैठक चालू आहे?"

"मतभेद आहेत, सासूबाई. मिटतील."

मिटले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका पिवळ्याला पिशवीत घालून परत करावं लागलं. बायकोनं विचारलं तेव्हा तडजोडराव म्हणाले, "बदली केली."

पुढे काही दिवस सगळं सुरळीत चाललं. पण उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि टाकीच्या काचेवर तपकिरी थर धरला. दगडांवरही तेच. बायकोनं बोट लावून बघितलं.

"दात न घासलेल्या तोंडासारखी दिसतेय ही टाकी! अहो, दातांचा दवाखाना आहे आपला. लोक काय म्हणतील? काहीतरी करा."

"केलंच म्हणून समज!" तडजोडराव पायांत चपला सरकवत म्हणाले.

टाकीवाले तेव्हा स्टुलावर चढून एका मोठ्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून बसले होते. त्यांचं तोंड तिकडे, तडजोडरावांचं इकडे. आणि इकडे एका टाकीत एक मासा एकटाच होता. चांगला तळहाताएवढा, काळाभोर, पोटावर पांढरे ठिपके, ओठ पिवळे. तडजोडरावांकडे टक लावून बघत होता. साहेब येताच उठून उभं राहणाऱ्या कारकुनाची जी नजर असते, तीच.

"हा ठिपकेवाला काय करतो हो?"

टाकीवाल्यांनी मान न वळवताच विचारलं, "ठिपकेवाला? अहो, तो टाकी साफ करतो!"

"काय सांगता! पूर्ण?"

"पूर्ण! दोन दिवसांत! काही म्हणून शिल्लक ठेवत नाही!"

तडजोडरावांचा आनंद गगनात मावेना. दोन दिवसांतच तर हवी होती!

"मग द्या हा मला!"

आता मात्र टाकीवाल्यांनी मान वळवली. "एकटाच ठेवणार ना पण?"

"हो हो, एकटाच! एक पुरे की!"

"मग हरकत नाही," टाकीवाले म्हणाले. गृहस्थानं घरी दुसरी टाकी घेतलेली दिसते, असं त्यांना वाटलं. आणि एक एवढा साफ करतो तर दोन कशाला, असं तडजोडरावांना वाटलं. अशा रीतीनं दोघांचंही पूर्ण एकमत झालं.

ठिपकेवाला टाकीत गेला. तडजोडराव संध्याकाळी बघायला आले तर गोगलगायी कमी दिसत होत्या.

"कामाला लागला!" ते बायकोला म्हणाले.

"पण गोगलगायी कुठेत?"

"अगं, त्यांचं काम आता यानं घेतलं. पडल्या असतील कुठेतरी आराम करत."

दुसऱ्या दिवशी लाल कोळंबी दिसेना. खेकड्यांचे शंख होते, खेकडे नव्हते. मोठमोठे दगड जागचे हलले होते. एक प्रवाळ तर उपटून कोपऱ्यात नेऊन ठेवलेलं. तडजोडरावांनी टाकीवाल्यांना फोन लावला.

"अहो, काय कामसू मासा दिलात! सगळं सामान हलवून कानाकोपरा साफ करतोय!"

"सांगितलं होतं ना तुम्हाला!" टाकीवाले अभिमानानं म्हणाले. "उद्या उद्घाटनाला येतोच आहे."

काचेवरचा तपकिरी थर मात्र जिथल्या तिथे होता. तो तडजोडरावांनी स्वतःच बाही वर सारून फडक्यानं पुसला. आतली कामं झाली की ठिपकेवाला काचेकडे वळेल, असा त्यांचा हिशेब होता. मात्र हात आत असताना ठिपकेवाला इतका जवळ आला की त्यांनी हात झटकन बाहेर काढला. सलगी करतोय, असं ते नंतर सासूबाईंना म्हणाले.

उद्घाटनाच्या सकाळी दवाखाना मुलांनी भरून गेला. पहिल्या दिवशी तपासणी फुकट होती, त्यामुळे आया आपापल्या पोरांना ओढतच घेऊन आल्या होत्या. बायको आत नवा कोरा पांढरा डगला घालून उभी. तिच्या चेहऱ्याकडे बघून तडजोडरावांना भरून आलं. इतकी वर्षं तिनं ज्याची वाट पाहिली ते आज झालं होतं. ते स्वागताच्या खुर्चीत बसले, जरा मागे रेलले, आणि खुर्ची आपल्यासाठीच केलेली आहे असं त्यांना वाटलं.

मुलं टाकीपुढे दाटीवाटीनं उभी होती. तोंडं उघडी, अगदी बायकोनं सांगितलं होतं तशी! एवढ्यात दगडाच्या फटीतून एक खेकडा बाहेर आला. टाकीतला शेवटचा. बिचारा कुठे लपून राहिला होता कोण जाणे! ठिपकेवाला सुळ्ळकन आला, त्यानं पिवळे ओठ फाकले, आणि आत दात होते. चांगले मोठे, माणसासारखे.

कर्र्‍कच्!

तो आवाज काचेबाहेरही आला. मुलं एक पाऊल मागे सरकली.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं तडजोडरावांकडे वळून विचारलं, "काका, त्यानं काय केलं?"

इथे तडजोडराव नुसते गप्प बसते तरी चाललं असतं! पण जन्मभर तंटे मिटवलेला माणूस, तो कसा गप्प बसेल? ते खुर्चीवरून उठले, मुलांमध्ये आले आणि मायेनं म्हणाले, "घाबरायचं नाही हं बाळांनो! तो नुसतं साफ करतोय. आता आत गेलात ना, की डॉक्टरकाकू तुमचे दातही अश्शेच साफ करणार!"

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ठिपकेवाल्यानं खेकड्याची एक नांगी थुंकून टाकली.

आणि जे रडं सुरू झालं! बापरे! एकानं आईच्या कमरेला मिठी मारली, दुसरा खुर्चीखाली शिरला, आणि बाकी सगळ्यांनी दोन्ही हातांनी आपापली तोंडं दाबून जिन्याकडे धूम ठोकली. मागून आया, आयांच्या मागे तडजोडराव, "अरे ऐका, ऐका!" करत. बायको बाहेर आली तेव्हा खुर्चीखालच्यालाही त्याच्या आईनं ओढून नेलं होतं, आणि खोलीत फक्त सासूबाई होत्या.

"काय झालं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी दवाखाना साफ केला."

बायकोनं टाकीकडे पाहिलं, रिकाम्या शंखांकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिन्यातून परतलेल्या तडजोडरावांनी ते पाहिलं. एरवी समजूत घालायला ते पुढे झाले असते, आता ते दाराआड सरकले.

पण ती डॉक्टर होती, नुसती बसून राहणारी नव्हती! तिनं डोळे पुसले, आरसा आणि छोटा दिवा घेतला, जिन्यात गेली आणि मुलांच्या बरोबरीनं पायरीवर बसली.

"आधी तुम्ही माझे दात तपासायचे," ती म्हणाली, आणि तिनं आ केला.

पोरं एकमेकांच्या आड लपू लागली. मग दोन वेण्यांवाली पुढे आली. तिनं दिवा हातात घेतला, काकूंच्या तोंडात डोकावली, आणि ओरडली, "अय्या! काकू, तुमचीच दाढ किडली होती! हे बघा, भरलीय!"

झालं! सगळी पोरं डॉक्टरकाकूंची किडलेली दाढ बघायला एकमेकांना ढकलू लागली. मग ज्याची त्याची दाढ बघणं सुरू झालं, आणि वरात हळूहळू जिना चढून पुन्हा वर आली. तडजोडराव दाराआड उभे होते. आपली बायको काय चीज आहे, हे त्यांना नव्यानं कळत होतं.

टाकीवाले आले तेव्हा मुलं तपासून घरी जात होती. टाकीकडे बघताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, याला यांच्यात सोडलंत? म्हणून तर विचारलं होतं, एकटाच ठेवणार ना!"

"पण तुम्हीच म्हणालात, टाकी साफ करतो!"

"मग? केली नाही का?"

टाकीवाल्यांनी ठिपकेवाल्याला कसंबसं जाळीत धरलं. नारिंगी जोडपं आणि पिवळा एका फटीत अंग चोरून बसले होते, ते हळूच बाहेर आले.

"जीव वाईट नाही हो," टाकीवाले बादलीकडे बघत बायकोला समजावू लागले. "हुशार आहे, दिसायला रुबाबदार आहे, माणसांची ओढही आहे. फक्त चारचौघांत सोडायचा नाही. वेगळी जागा द्या, वेळेवर खायला द्या, की बघा कसा खुशीत राहतो! काहींचा स्वभावच असतो तसा."

बायकोनं सगळं अगदी मन लावून ऐकलं. ऐकताना ती बादलीकडे बघत नव्हती.

तडजोडराव निवृत्त झाले. आता दवाखान्यात स्वागताच्या खुर्चीवर सासूबाई बसतात, आणि पोरं त्यांच्या कवळीवर फिदा आहेत. तडजोडरावांनाही जागा मिळाली आहे, मागच्या बाजूला, जिथे कापसाची खोकी आणि हातमोजे ठेवतात तिथे. जुन्या ऑफिसातलं कुणी भेटलं की ते छाती फुगवून सांगतात, "मला स्वतंत्र केबिन दिलीय! बायको चहासुद्धा वेळेवर आत पाठवते!"

दाराला कडी बाहेरून आहे, एवढा शेवटचा तपशील मात्र ते सांगताना गाळतात.