सहाव्या नंबरची हजेरी

पाटोळे मास्तर कुत्र्यांची हजेरी घेत. तीही शाळेच्या हजेरीपटावर. त्यांच्या ज्युलीची जी पिलं नगरात दिलेली होती त्यांची नावं ओळीनं लिहिलेली, पुढे महिन्यांचे रकाने. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की गळ्यात शिट्टी अडकवून मास्तर सायकलवर निघत आणि घरोघर जाऊन 'ह' किंवा 'गै' मांडून येत. गैरहजेरी लागली की त्या घराचं काही खरं नसे.

ड्रिल मास्तर म्हणून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मूलबाळ नसलेला हा माणूस सावेडीत माझा शेजारी होता. तेव्हा सावेडीत घरं कमी आणि माळच जास्त. त्यामुळे त्यांचं ओरडणं फार लांब जाई.

एकदा एक कंत्राटदार पिलू मागायला आला. गोदामाच्या दाराशी बांधायला हवं होतं.

"राखण पाहिजे ना? मग कुलूप घ्या. कुलपाला भूक लागत न्हाई!"

रागावले की मास्तरांची शाळेतली भाषा सुटायची आणि गावाकडची यायची. हजेरीला गेले की ते आधी कुत्र्याची नखं बघत, मग मालकाची. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कला त्यांनी नखं वाढली म्हणून त्याच्याच अंगणात हात पुढे करून उभं केलं होतं. आम्ही आठवडाभर हसत होतो. माझी पाळी यायची होती.

मला ज्युलीची राणी दिली तेव्हा त्यांची एकच अट होती. "पिलं काढायची तर आधी मला विचारायचं."

मी विचारलं नाही. साहेबांना अल्सेशियनचं पिलू भेट द्यायची मला हौस होती. भिंगार कॅम्पातल्या एका सुभेदाराच्या कुत्र्याकडे मी राणीला गुपचूप नेऊन आणलं. वर्ष दुष्काळाचं. घरात प्यायचं पाणी टँकरचं. एवढी तोंडं पुढे कुठं जातील, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

राणीला कळा लागल्या त्या भर दुपारी. मी घाबरून मास्तरांना हाक मारली. ते कुंपणावरूनच आले. जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पिलू पुसत होते आणि मला झाडत होते.

"हौस तुमची, अन् कळा हिच्या! लाज न्हाई वाटत, भाऊसाहेब? सहा हायेत. सहा घरं बघून ठेवलीत का?"

नव्हती ठेवली. पाच पिलं हळूहळू गेली. सहावी मादी, मागच्या पायानं जरा लंगडी. मास्तरांनी तिला चिमी नाव ठेवलं, पण तिला कुणी घेईना. तुम्हीच ठेवा असं त्यांना म्हणायचं, तर आधी हात जोडावे लागले असते. ते मला जमलं नाही. सासुरवाडीला कोल्हारला जातो असं सांगून मी तिला पिशवीत घातलं आणि तिथल्या स्टँडवर सोडून दिलं. सासऱ्यांकडे न जाताच परतीच्या एस.टी.त चढलो. गाडी पुलाकडे वळेपर्यंत ती तीन पायांवर मागे पळत होती. मी मान वळवून घेतली.

रविवारी मास्तर हजर. "राणीची पोरं म्हणजे ज्युलीची नातवंडं. पटावर घेतली पाहिजेत. पत्ते बोला!"

पाच सांगितले. सहावा खोटा सांगितला. "कोल्हारला, मेव्हण्याकडे."

मास्तर त्याच दिवशी कोल्हारला गेले. संध्याकाळी मी शिव्या खायच्या तयारीनं फाटकाशी उभा होतो. "ऊन लई हाय हो तिकडं," एवढंच म्हणून ते आत गेले. त्यानंतर ते दर महिन्याला कोल्हारला जाऊ लागले. मेव्हण्याला काही विचारायचं धैर्य मला झालं नाही.

वर्षभर मी ते गिळून बसलो. मग एका रविवारी ते भाकरी बांधून निघाले तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. पिशवी, स्टँड, तिचं पळणं, सगळं.

"ठाऊक हाय. पहिल्याच फेरीला तुमचे मेव्हणे म्हणले, कुत्रं कसलं?"

"मग दर महिन्याला कशाला जाता?"

त्यांनी पट उघडला. सहावी ओळ, चिमी. पुढे बारा 'गै'.

मला माझाच असा संताप आला की मी ओरडलो, "नाव कापा ना, मास्तर!"

मी वाट बघत होतो की आता ते भडकतील, मला अंगणात उभं करतील. त्यांनी शिट्टी शर्टाला पुसली.

"नाव कापलं तर हाक कुणी मारायची? एस.टी.नं नेलेलं पिलू सुटणार ते स्टँडवरच. तिथंच हुबा राहून वाजवतो. पोरं हसत्यात. हसू द्या." मग पट मिटून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तुमीबी चला, भाऊसाहेब. माझी शिट्टी तिनं फार दिस ऐकली न्हाई. पळाली ती तुमच्या मागं. तुमाला वळखंल."